ए फॉर अंबरनाथ

आमच्या नातवाच्या शाळेच्या डायरीत लाल शाईचा एक शेरा आला. इंग्रजीत होता. आधी मी वाचला, मग बायकोने वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा मी वाचला. हकीकत अशी होती की, मिसनी ‘ए फॉर?’ विचारल्यावर सगळा शिशुवर्ग ‘ॲपल’ म्हणून ओरडला आणि आमचे चिरंजीव ‘अंबरनाथ’ म्हणाले. ‘बी फॉर?’वर त्याने मिसनाच दुरुस्त केलं, ‘नुसतं बी नसतं मिस, बीएल असतं. बदलापूर.’ मग कोणी विचारायची वाट न बघता ‘के फॉर कल्याण, टी फॉर ठाणा’ हा प्रवासही त्याने एकट्याने उरकला. पालकांनी लक्ष घालावं आणि लेखी खुलासा पाठवावा, अशी शेऱ्याची शेवटची ओळ होती.

पालक, म्हणजे मुलगा आणि सून, सकाळी सहाच्या आत घर सोडतात आणि रात्री अर्धे झोपलेलेच घरात शिरतात. बदलापुरात पालक रविवारीच दिसतात, त्यातही मेगाब्लॉक असेल तर नक्की. त्यामुळे खुलासा माझ्या गळ्यात पडला. तसा गुन्हाही माझाच होता. पोराला अक्षरं मीच शिकवली होती, कल्याणच्या फलाटावर उभं राहून.

त्यात चूक काय झाली ते मला अजून कळलेलं नाही. इंडिकेटरवर ‘ए’ आला की ती अंबरनाथ, चढायचं नाही. ‘बीएल’ आला की ती बदलापूर, चढायचं. ‘एन’ म्हणजे कसारा, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ‘एस’ म्हणजे कर्जत, चालेल, पण गर्दी जास्त. अक्षराशेजारी एफ असेल तर फास्ट, एस असेल तर स्लो. शाळेत ॲपल चुकलं तर फार तर एक मार्क जातो. इथे ए आणि बीएलमध्ये गल्लत झाली तर अंबरनाथला उतरून पुढच्या गाडीची वाट बघत बसावं लागतं. ॲपल आमच्या घरात कोणी आजारी पडलं तरच येतं, अंबरनाथ मात्र दिवसातून कितीतरी वेळा येतं. पोरगं हुशार आहे, त्याने दोन दिवसांत सगळं पाठ केलं. फक्त एकदा विचारलं, ‘आबा, कर्जतमध्ये एस कुठंय?’ मी म्हटलं, ‘ते पुढच्या यत्तेत.’

खुलासा लिहायला मी बसलो. अंबरनाथ एमआयडीसीत चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं आहे, इंग्रजी मला नवं नाही. इनवर्ड, आउटवर्ड, चलान, शॉर्टेज, रिजेक्शन, गेटपास, सगळं तोंडपाठ. पंधरा मिनिटांत मसुदा तयार झाला. बायकोने तो मोठ्याने वाचला, ‘रिस्पेक्टेड मॅडम, युवर रिमार्क रिसिव्ह्ड. क्वांटिटी वन. कंडिशन गुड.’ मग कागद खाली ठेवून ती म्हणाली, ‘अहो, पोराचा खुलासा लिहिताय की बेअरिंगची पेटी उतरवून घेताय?’

तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे नामं ढिगाने आहेत, क्रियापद एकही नाही.

घरात एक रॅपिडेक्स आहे, कपिल देव ज्याची जाहिरात करायचा ते. नोकरीला लागलो तेव्हा घेतलं होतं. पहिली तीस पानं हाताळून काळी पडली आहेत, एकतिसाव्या पानापासून पुस्तक कोरं करकरीत. महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरातलं रॅपिडेक्स उघडा, असंच असतं. तिसाव्या पानाच्या पुढे इंग्रजी भाषेत नेमकं काय आहे, हे आमच्या पिढीला अजून कळलेलं नाही. आम्हाला एबीसीडी पाचवीत भेटली. मुलगा शाळेत असताना, २००० साली, राज्यात पहिलीपासून इंग्रजी लागू झालं, पण तोवर तो पहिली ओलांडून बराच पुढे गेला होता. आमच्या घरातून इंग्रजी नेहमी अशीच थोडक्यात चुकलेली आहे, सहा बावन्नच्या गाडीसारखी.

शेवटी अंबरनाथ स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर लटकलेला फलक कामी आला. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्लिश.’ मी नाव घालायला निघालो तेव्हा बायकोही चपला घालू लागली. म्हणाली, ‘तुम्ही एकटे शिकलात तर उद्या भांडणात मला काय बोललात तेच कळायचं नाही.’

वर्गात आम्ही सहा जण होतो. उल्हासनगर कॅम्प तीनचे कापडवाले शेठ, ज्यांचा नातू दुबईहून फोनवर इंग्रजीच बोलतो. अंबरनाथच्या पोळीभाजी केंद्राच्या काकू. परदेशी जायची तयारी करणारी एक नर्स. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डकाका. आणि आम्ही दोघं, एका शेऱ्याचे आरोपी.

पहिल्या दिवशी सरांनी ‘हाऊ आर यू?’ शिकवलं. उत्तर द्यायचं, ‘फाईन.’ गार्डकाका दचकले. ते म्हणाले, ‘सर, आमच्याकडे फाईन म्हणजे कमीत कमी अडीचशे, शिवाय भाडं वेगळं.’ सर समजावू लागले की इथे फाईन म्हणजे मजेत. पण आयुष्यभर ज्यांनी फाईन भरताना माणसं पाहिली, त्यांना तो शब्द मजेत कसा वाटावा? शिवाय आमच्याकडे ‘कसं काय?’ला कोणी ‘मजेत’ म्हणत नाही. ‘चाललंय’ म्हणतो. चाललंय या शब्दात गुडघेदुखी, गॅसचा भाव, मुलाची बदली आणि तरी आपण उभे आहोत, हे सगळं येतं. इंग्रजीत तेवढं सांगायला अर्जच करावा लागेल.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्स नोट्स मिळाल्या. त्यांत हॉटेलातला संवाद होता. गिऱ्हाईक वेटरला सांगतं की सूप गार झालंय, आणि वेटर माफी मागतो. बायकोने हात वर केला. ‘सर, कुठलं हॉटेल?’ काकू म्हणाल्या, ‘आमच्याकडे भाजी गार आहे म्हणालं तर मी म्हणते, मग लवकर यायचं होतं.’ पुढचा पाठ टॅक्सी बोलावण्याचा, त्यापुढचा हरवलेल्या छत्रीचा. त्या पुस्तकी इंग्रजीत राहणारी माणसं सूप पितात, टॅक्सीने हिंडतात, हवेबद्दल बोलतात आणि त्यांची छत्री हरवली तर कोणीतरी ती आणूनही देतं. आमच्यापैकी कोणीही त्या गावात कधी उतरलेलं नव्हतं.

उतरण्यावरूनच तिसऱ्या दिवशी वाद झाला. सर म्हणाले, गाडीतून उतरण्याला ‘गेट डाऊन’ म्हणू नका, ‘गेट ऑफ’ म्हणा. शेठ गोंधळले. म्हणाले, ‘साईं, उल्हासनगरला उतरायचं तर पुढच्याला विचारावं लागतं ना, गेट डाऊन का? गेट ऑफ बोललो तर तो बोलेल, चल निघ, आणि वर मारामारी.’ गार्डकाकांनी निकाल दिला की दरवाजात इंग्रजीचा उपयोगच नाही. ‘एक्सक्यूज मी’ म्हणणारा माणूस सरळ पुढच्या स्टेशनला पोचतो. ‘उतरायचंय का?’ म्हणणारा वेळेवर उतरतो. त्यावर सरांकडे उत्तर नव्हतं, कारण ते स्वतः शहाडहून येत.

मला हळूहळू एक गोष्ट कळू लागली. आमच्या पट्ट्यात इंग्रजी पुस्तकातून आलेलीच नाही. १८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे रेल्वे निघाली तेव्हा स्टेशन, सिग्नल, तिकीट, गार्ड हे शब्द डब्यात बसून आले. प्लॅटफॉर्मला तर इथल्या जिभेने असं घासलं की त्याचा फलाट झाला, आणि आता लोक तो अस्सल मराठी म्हणून वापरतात. मग दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली आणि १९४९ साली राजाजींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. नाव नदीवरून मिळालं, पत्ता मात्र लष्करीच राहिला. कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बॅरेक नंबर. सैन्य गेलं त्याला पाऊणशे वर्षं झाली, पोस्टमनची परेड चालूच आहे.

उल्हासनगरचं इंग्रजी हा वेगळा अभ्यासक्रम आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतो आणि तो सगळ्यात जोरात सिंधी दुकानदारच सांगतात. तिथल्या बाजारात इंग्रजी शब्द हुबेहूब मिळतात, फक्त आतला माल स्थानिक असतो. पाटीवर ‘फिक्स रेट’ असतं, त्याचा अर्थ भाव करायला सुरुवात करा. ‘लास्ट प्राइस’ ही लास्ट नसते. तिच्यानंतर ‘फायनल’ येते, फायनलनंतर ‘एकदम फायनल’ येते, आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की मागून जी हाक येते ती खरी किंमत. शेठनी वर्गात सरांना विचारलं होतं, ‘लास्टच्या नंतरचा शब्द काय?’ सर म्हणाले, लास्टच्या नंतर काही नसतं. शेठ हसले. म्हणाले, ‘सर, तुम्ही धंदा केला नाय.’ इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, असं विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगतात. उल्हासनगरात ते मागून पाहावं. दुकानदार शांतपणे विचारील, ‘कुठल्या कंपनीचं दाखवू?’ आणि ओरिजिनल आहे का म्हटलं तर सांगेल, ‘ओरिजिनलपेक्षा भारी आहे, धुवून बघा.’

अंबरनाथला इंग्रजी कारखान्यांनी शिकवली. विमको नाक्यावर आमचं निम्मं आयुष्य गेलं. विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, काडेपेट्यांची. लहानपणी माझी अनेक वर्षं समजूत होती की ही क्रिकेटची मॅच आहे, आणि एवढी मोठी कंपनी असून त्यांची टीम कधी खेळताना का दिसत नाही, याचं मला वाईट वाटे. ऑर्डनन्स फॅक्टरीचं त्याहून पुढचं. ऑर्डनन्स म्हणजे लष्करी सामग्री. पण एवढा कोरडा शब्द कोण उच्चारणार? आम्ही सगळे सोयीसाठी मध्ये एक ‘आय’ घालून ‘ऑर्डिनन्स’ म्हणत आलो. नर्स मुलीने मोबाइलमध्ये बघून सांगितलं की ऑर्डिनन्स म्हणजे वटहुकूम. म्हणजे ज्या कारखान्यात संरक्षणाची सामग्री तयार होते, तिथे रोज तीन पाळ्यांत वटहुकूम तयार होतात, असं अख्खं अंबरनाथ बेधडक सांगत आलं आहे. गार्डकाका म्हणाले, ‘फरक काय मोठा? दोन्ही सोडले की समोरचा खाली बसतो.’

आणि बदलापूर? बदलापूरला इंग्रजी आली घर घ्यायला. मी फ्लॅट घेतला तेव्हा कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप हे तीन शब्द शिकलो. कार्पेट म्हणजे जेवढ्यात आपण राहतो ते. सुपर बिल्ट-अप म्हणजे जेवढ्याचे पैसे दिले ते. या दोहोंमधल्या जागेत कोण राहतं, ते अजून कळलेलं नाही. ‘पझेशन’ म्हणजे ताबा, असं शब्दकोश सांगतो. आमच्या अनुभवात तो पुढच्या दिवाळीचा समानार्थी शब्द आहे. ‘रिव्हर व्ह्यू’चा अर्थ मात्र निसर्गाने समजावून दिला. घेताना वाटलं, गॅलरीतून नदी बघायची. २००५ च्या आणि मग २०१९ च्या जुलैत उल्हास नदीनेच वस्तीत शिरून आम्हाला बघून घेतलं. २०१९ ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. तेव्हापासून आमच्या सोसायटीत व्ह्यू हा शब्द कोणी काढत नाही.

या सगळ्यात खरी विदुषी आमची आत्या. सत्तरीची, मराठी चौथी पास, वांगणीची. तिला ‘हाऊ आर यू’ म्हटलं तर ती पदर सावरून आत जाते. पण गाडी मध्येच थांबली की खिडकीतून वर बघून ती निदान करते, ‘पेंटाग्राफ तुटला वाटतं. नाहीतर पॉइंट फेल्युअर. ओव्हरहेडला पावर नाय, आता बस अर्धा तास.’ पॅन्टोग्राफ हा शब्द लंडनच्या किती आज्यांना माहीत असेल, याची मला शंका आहे. रेक, लूप, ट्रॅक, सेमी फास्ट, रिटर्न, सगळं तिला अर्थासकट येतं. रिटर्न म्हणजे तिकीट नव्हे. अंबरनाथचा माणूस आधी उलटा बदलापूरला येतो, गाडीतच बसून राहतो आणि तीच गाडी मुंबईला निघाली की बदलापूरकराच्या डोळ्यांसमोर खिडकीत झोपतो, ते रिटर्न. आणि ‘फोर्थ सीट’! तिघांच्या बाकावर चौथ्याने मागून घ्यायची ती चार बोटं जागा. हा शब्द कोणत्याही क्लासच्या नोट्समध्ये नाही. तो वापरायला व्याकरण लागत नाही, फक्त कल्याणच्या पुढे उभं राहायची ताकद संपलेली असावी लागते. बसलेला माणूस वर न बघता सरकतो. ‘ॲडजस्ट करा’ या दोन शब्दांत इंग्रजी आणि मराठी जशा एकमेकींना मांडीला मांडी लावून बसल्या आहेत, तशा त्या कुठल्याच शाळेत बसलेल्या मी पाहिल्या नाहीत.

क्रियापद आम्हाला का येत नाही, त्याचं उत्तर मला या फोर्थ सीटवर मिळालं. लागलंच नाही कधी. जगातली सगळी इंग्रजी नामं आणि क्रियापदं घ्यावीत आणि मागे एक ‘करणे’ जोडावं. ॲडजस्ट करणे, मॅनेज करणे, कॅन्सल करणे, रिचार्ज करणे. आमचं ‘करणे’ म्हणजे घरातली थोरली सून. कोणीही पाहुणा आला तरी ओझं तीच उचलते, आणि म्हणूनच पाहुण्याला कधी हातपाय हलवायची सवय लागत नाही.

विसाव्या दिवशी सरांनी पॅसिव्ह व्हॉइस काढला. सगळे हताश झाले. मग गार्डकाकांनीच उदाहरण दिलं, जे आम्ही सगळे हजारो वेळा ऐकत आलोय. ‘इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ सर आनंदाने टाळ्या वाजवू लागले. खरंच, किती सुंदर रचना! असुविधा झाली आहे. कोणी केली, ते नाही. खेद वाटलेला आहे. कोणाला, तेही नाही. कर्ता दोन्हीकडून उतरून गेला आहे. काकू म्हणाल्या, ‘यात नवं काय? आमच्याकडे कप फुटतो. कोणी फोडत नाही.’ त्या संध्याकाळी बायकोचं दूध उतू गेलं. मी स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा ओट्यावरचं दूध पुसता पुसता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ उच्चार स्वच्छ, चेहरा कोरा, आवाज हुबेहूब फलाटावरचा. फीचे पैसे वसूल झाले.

तिसाव्या दिवशी खुलासा तयार झाला. सगळ्या वर्गाने हातभार लावला. नर्सने स्पेलिंग तपासली, शेठनी शेवट ‘फायनल’ केला, दोनदा. मजकूर असा होता, ‘रिस्पेक्टेड मिस, ॲपल इज ऑल्सो करेक्ट. बट अंबरनाथ कम्स डेली. वी विल टीच ॲपल. इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ क्रियापदं मोजली, मला पाच सापडली. ‘ऑल्सो’ बायकोचा. मी नुसतं ‘ॲपल इज करेक्ट’ लिहिलं होतं. ती म्हणाली, ‘माघार घ्यायची तर घ्या, पण फोर्थ सीट तरी मागून घ्या.’

दुसऱ्या दिवशी डायरी परत आली. खुलाशाखाली लाल शाईची बरोबरची खूण होती. तिच्याखाली पेन्सिलने, बारीक अक्षरात, चक्क मराठीत लिहिलं होतं, ‘आजोबा, मी रोज एस लोकलने नेरळला जाते. कर्जतला एस का, ते कोणालाच माहीत नाही. तुम्हाला आहे का?’

मी थेट गार्डकाकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘सोपं आहे. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा कसाऱ्याकडे, नाशिकच्या दिशेला, नॉर्थ-ईस्ट, म्हणून एन. दुसरा आपला कर्जतचा, पुण्याच्या अंगाला, साऊथ-ईस्ट. म्हणून एस.’ चौतीस वर्षं कामाला जाता-येता मी ज्या मार्गावर लटकत होतो, त्याची दिशा मला त्या दिवशी कळली.

उत्तर मी मराठीतच लिहिलं, मिसनी तशी सोय ठेवली होती. नातू शेजारी बसून बघत होता. ‘आबा, एस मी काढतो,’ म्हणाला आणि मी सोडलेल्या जागेत त्याने जीभ बाहेर काढून भलामोठा एस काढला. तो नेमका उलटा आला. खोडरबर शोधायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला. कर्जतहून परत येणारी गाडी असेल.